सरोगसीचे कागद: आधी मंडळ, आधी कोर्ट की आधी विमा? आणि एजंटचं पॅकेज कायद्यात बसतं का?

रानजाई

नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. मला जन्मतः गर्भाशय नाही (एमआरकेएच), दोन्ही अंडाशय ठीक आहेत. माझं वय ३६, नवऱ्याचं ४०. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, दत्तकही घेतलेलं नाही. आम्ही पश्चिम महाराष्ट्रात राहतो. माझी मावसबहीण सरोगेट व्हायला तयार आहे. ती ३४ वर्षं ४ महिन्यांची आहे, दोन मुलं आहेत, दुसरं सिझेरियन होतं.

विचारायचं ते असं. जिल्हा वैद्यकीय मंडळ, कोर्टाचा आदेश, विमा आणि पात्रता प्रमाणपत्रं यांत आधी काय करायचं? विमा एजंट म्हणतात, कोणतीही हेल्थ पॉलिसी चालेल, ते खरं का? माझी स्त्रीबीजं कमी निघाली तर दात्याची घेता येतात का? आणि एका मध्यस्थाने ठोक रकमेचं पॅकेज सांगितलं आहे. त्यात "सरोगेटचा मोबदला" अशी वेगळी ओळ आहे, शिवाय "कागदपत्रं आमच्यावर सोडा" असं तो म्हणतो. बहीण आहे तर या माणसाची गरज तरी आहे का?

घरचावैद्य

माझ्या माहितीप्रमाणे सरोगेट जवळची नातेवाईकच लागते, म्हणून मावसबहीण चालेल. पण लग्नाला पाच वर्षं झालेली असावी लागतात ना? तसं असेल तर तुम्हाला अजून एक वर्ष थांबावं लागेल.

वादसूची

घरचावैद्य, या दोन्ही अटी २०१९ च्या विधेयकात होत्या. राज्यसभेच्या प्रवर समितीनंतर त्या गळल्या आणि सरोगसी (विनियमन) अधिनियम, २०२१ त्यांच्याशिवायच मंजूर झाला. २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. त्यात सरोगेटसाठी "इच्छुक स्त्री" एवढंच म्हटलं आहे. गोंधळ व्याख्येमुळे होतो. तिथे "जनुकीय नातं" हे शब्द आहेत, पण ते सरोगेटला नाही, बाळाला लागू आहेत: बाळाचं इच्छुक जोडप्याशी, म्हणजे मूल हवं असलेल्या जोडप्याशी, जनुकीय नातं हवं. त्यामुळे मावसबहीण चालेल, मैत्रीणही चालली असती. कार्यालयात कोणी नात्याचा पुरावा मागितला तर कलम ४ चं पोटकलम काढून दाखवा. पाच वर्षांची अटही नाही, रानजाई, थांबू नका.

आता क्रम. कलम ४ खाली तीन गोष्टी हातात आल्या की समुचित प्राधिकारी (या कायद्याखाली नेमलेले अधिकारी) "अत्यावश्यकता प्रमाणपत्र" देतात: जिल्हा वैद्यकीय मंडळाचं वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश आणि सरोगेटचा ३६ महिन्यांचा विमा. त्याशिवाय सरोगेटचं आणि तुम्हा दोघांचं अशी दोन वेगळी पात्रता प्रमाणपत्रं लागतात. ही सगळी हातात आल्याशिवाय भ्रूण तिच्या गर्भाशयात सोडता येत नाही. सोडला तर क्लिनिक आणि तुम्ही, दोघांवरही कारवाई होऊ शकते.

पहिलं पाऊल वैद्यकीय मंडळाचं. त्याचे अध्यक्ष जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाचे अधिकारी असतात, सोबत किमान एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक बालरोगतज्ज्ञ. "गर्भाशय नसणे" हे २०२२ च्या सरोगसी नियमांतल्या नियम १४ मधलं पहिलंच कारण आहे, त्यामुळे तुमच्या प्रकरणात वाद होण्यासारखं काही नाही. तरी नुसत्या सोनोग्राफीवर जाऊ नका. ओटीपोटाचा एमआरआय, गुणसूत्र तपासणीचा ४६ एक्सएक्स अहवाल आणि संप्रेरकांच्या तपासण्या सोबत ठेवा. गुणसूत्रांचा अहवाल नसेल तर मंडळ पुढची तारीख देण्याची शक्यता असते. गर्भाशय नसण्याची दुसरीही एक स्थिती असते, त्यात अंडाशयच नसतात, आणि मंडळाला हा फरक कागदावर हवा असतो.

दुसरं पाऊल कोर्ट. अर्ज तुम्ही दोघं आणि सरोगेट असा तिघांनी मिळून करायचा असतो. मागणी एकच: जन्माला येणाऱ्या बाळाचं पालकत्व आणि ताबा तुमचा असल्याचा आदेश. पुढे हाच आदेश जन्माचं प्रतिज्ञापत्र म्हणून चालतो, म्हणून त्यातला प्रत्येक शब्द तपासून घ्या. "जन्माला येणारे मूल किंवा मुले" असं लिहून घ्या, म्हणजे जुळी झाली तर दुसऱ्या बाळासाठी पुन्हा कोर्टात जावं लागणार नाही. कितीतरी न्यायालयांत असा अर्ज वर्षातून एखादाच येतो. कारकून "हे फॅमिली कोर्टाचं काम" म्हणून परत पाठवू शकतो. कायद्याची प्रत वकिलाकडे असू द्या, अधिकार कोणाचा ते कलमातच लिहिलेलं आहे. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेला करारनामा या आदेशाची जागा घेत नाही. मध्यस्थाच्या "कागदपत्रं आमच्यावर सोडा"चा अर्थ बहुधा तोच करारनामा असतो.

आपल्याकडे सर्वांत जास्त अडकतं ते नावांत. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव नाही, असं असेल तर आधी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढा आणि तिन्ही जागी एकच नाव करून घ्या. हेच बहिणीच्या बाबतीतही. तिच्या मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आणि तिच्या आधारवरचं नाव जुळायला हवं, कारण "स्वतःचं मूल आहे" ही अट त्याच कागदावरून सिद्ध होते.

तुमच्या वयाचा प्रश्न नाही. प्रमाणपत्राच्या दिवशी पत्नी २३ ते ५०, पती २६ ते ५५ असावा लागतो. बहिणीचं मात्र कॅलेंडर बघा. सरोगेटचं वय भ्रूण सोडण्याच्या दिवशी २५ ते ३५ मध्ये असावं लागतं. ३४ वर्षं ४ महिने म्हणजे तुमच्या हातात ८ महिने आहेत आणि कागदांना त्यातले सहज ५-६ जातील. मंडळाची तारीख वाट बघत बसून मिळवू नका, स्वतः जाऊन पाठपुरावा करा. कोर्टाच्या अर्जाचा मसुदा आत्ताच तयार करून ठेवा. पॉलिसीची चौकशीही आत्ताच सुरू करा.

नकार आला तर ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. नकार लेखी मागून घ्या, तोंडी नकारावर अपील होत नाही.

पॅकेजबद्दल. "सरोगेटचा मोबदला" ही ओळ ज्या कागदावर आहे, तो कागद व्यावसायिक सरोगसीचा पुरावा आहे. क्लिनिक, मध्यस्थ किंवा जाहिरात करणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. व्यावसायिक सरोगसी करवून घेणाऱ्या जोडप्याला पहिल्या गुन्ह्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास १० वर्षं आणि १० लाखांपर्यंत. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आणि आपसात न मिटणारा. मध्यस्थ निसटून जाईल, सही तुमची राहील. तो कागद स्वीकारू नका, त्यावर सही तर नकोच.

उणे१९६

प्रयोगशाळेच्या बाजूने थोडं.

आधी सेंटर कोणतं ते बघा. टेस्ट ट्यूब बेबी सेंटरची एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) नोंदणी वेगळी आणि सरोगसी क्लिनिकची नोंदणी वेगळी. अनेक सेंटरांकडे फक्त पहिली असते. सरोगसीची नोंदणी ३ वर्षांसाठी असते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. भिंतीवरच्या प्रमाणपत्राची मुदत वाचा, राष्ट्रीय नोंदवहीत क्रमांक जुळतो का ते पाहा. पुढे कोर्टाला आणि प्राधिकाऱ्यांना हाच क्रमांक द्यायचा असतो.

एमआरकेएचमध्ये पाळी नसते, म्हणून "दुसऱ्या दिवशी या" हा नेहमीचा हिशोब चालत नाही. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन आणि सोनोग्राफी यांवरून चक्राची जागा ठरवून इंजेक्शनं सुरू करतात. साधारण १० ते १२ दिवस इंजेक्शनं, शेवटच्या ट्रिगरनंतर (बीजं पिकवणाऱ्या इंजेक्शननंतर) ३४ ते ३६ तासांनी स्त्रीबीजं काढायची. या स्थितीत अंडाशय बरेचदा वर, श्रोणीच्या कडेला असतात. नेहमीच्या मार्गाने सुई पोचत नसेल तर पोटावरून काढावी लागतात. ही सवय असलेला डॉक्टर तिथे आहे का, हे आधी विचारा. बीजं काढण्याच्या दिवशी कळलं तर अर्धी बीजं हाती लागत नाहीत. एमआरकेएचमध्ये एखादं मूत्रपिंड नसण्याचं किंवा जागा बदललेली असण्याचं प्रमाणही बरंच असतं, म्हणून पोटावरून सुई घालण्यापूर्वी मूत्रपिंडांची सोनोग्राफी झालेली असावी.

भ्रूण गोठवूनच ठेवा. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ते टिकतात. तुमचं आणि बहिणीचं चक्र एकाच वेळी जुळवण्याची कसरत टळते. कागदांच्या मागे धावताना तुमचं बीजांचं वयही थांबतं, आणि ३६ व्या वर्षी हा फायदा मोठा आहे. इथे एक खाच आहे. सरोगसीसाठी म्हणून भ्रूण साठवायला सरोगसी कायद्याची मनाई आहे, तर आयव्हीएफसाठी एआरटी कायद्याखाली १० वर्षांपर्यंत साठवता येतात. म्हणून बीजं काढणं आणि भ्रूण तयार करणं एआरटी कायद्याच्या संमतीपत्रांवर व्हायला हवं. क्लिनिकला हे माहीत असतं, तरी सही करताना कोणता फॉर्म आहे ते वाचा.

दात्याबद्दल. १४ मार्च २०२३ च्या दुरुस्तीने दात्याचं बीज पूर्ण बंद झालं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तीही एमआरकेएच असलेल्या एका स्त्रीच्याच प्रकरणात. मग २१ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राने नियम बदलला. आता दोघांपैकी एकाला वैद्यकीय कारण असेल आणि जिल्हा वैद्यकीय मंडळाने तसं प्रमाणित केलं, तर एक बीज दात्याचं चालतं, दुसरं इच्छुक जोडप्याचंच हवं. दोन्ही दात्याची चालत नाहीत. बहिणीचं बीज तर कधीच नाही, सरोगेटने स्वतःचं बीज देणं कायद्याने बंद आहे. तुमच्या एएमएचचा (बीजांचा साठा किती ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा आधी काढा. तो कमी असेल तर दात्याची परवानगी मंडळाकडे पहिल्याच अर्जात मागा, नंतर पुन्हा रांगेत उभं राहावं लागणार नाही. स्त्रीबीज दाती २३ ते ३५ वयाची, नोंदणीकृत बँकेतूनच, आयुष्यात एकदाच, आणि तिच्याकडून ७ पेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत.

बहिणीच्या तयारीत इस्ट्रॅडिओल व्हॅलरेट (गर्भाशयाचं अस्तर वाढवणारं संप्रेरक), साधारण दिवसाला ६ मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. अस्तर ७ मिलिमीटरच्या वर आणि तीन पदरी दिसलं की प्रोजेस्टेरॉन सुरू, आणि ब्लास्टोसिस्ट (पाच दिवसांचा भ्रूण) असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी तो सोडतात. अस्तर पातळ राहिलं तर ते चक्र सोडून द्या. घाईने सोडलेला भ्रूण वाया जातोच, वर एक प्रयत्नही जातो. नियमाने सरोगेटवर तीनच प्रयत्न करता येतात.

आणि एकच भ्रूण सोडा. नियमही तोच आहे, तीनपर्यंतची सूट केवळ विशेष परिस्थितीत. "दोन सोडू, खर्च वाचेल" म्हणणारे भेटतील. बहिणीचं आधीचं सिझेरियन आहे. जुळ्यांत मुदतपूर्व प्रसूती, वाढलेला रक्तदाब, जादा रक्तस्राव, हे सगळं तिच्या शरीरावर येणार आहे. सिझेरियनच्या व्रणावर वार (प्लेसेंटा) रुजण्याचा धोका एका गर्भातही असतो, म्हणून अस्तर तपासताना व्रणाची जाडी बघा आणि विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वारेची जागा मुद्दाम बघायला सांगा.

हप्ता

विम्याबद्दल एजंटने दिलेलं उत्तर चुकीचं आहे आणि सर्वांत जास्त प्रकरणं इथेच अडकतात.

कोणत्याही साध्या आरोग्य पॉलिसीचं वगळणुकीचं पान उघडा. एक्सक्लुजन कोड १७ मध्ये वंध्यत्व उपचार येतात आणि त्यात "जेस्टेशनल सरोगसी" नाव घेऊन वगळलेली असते. कोड १८ मध्ये बाळंतपणाचा खर्च वगळलेला असतो. म्हणजे साधी पॉलिसी काढून कागद दाखवता येईल, पण उद्या बहिणीला रक्तस्राव होऊन आयसीयूत ठेवावं लागलं तर दावा फेटाळला जाईल. प्रसूतीचा रायडर (जोड-संरक्षण) असलेल्या पॉलिसींतही प्रतीक्षा कालावधी असतो, काहींत ९ महिने, काहींत काही वर्षं. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही.

नियम ५ काय मागतो ते पाहा: सरोगेटच्या नावाने, ३६ महिन्यांचा, गरोदरपणातल्या सर्व गुंतागुंती आणि प्रसूतीनंतरच्या गुंतागुंती भागतील एवढ्या रकमेचा. म्हणून कंपनीला ईमेलवर तीनच गोष्टी विचारा. सरोगेट म्हणून गरोदरपण स्पष्ट समाविष्ट आहे का. प्रतीक्षा कालावधी शून्य आहे का. ३६ महिने एकाच पॉलिसीत मिळतात की दर वर्षी नूतनीकरण आहे. नूतनीकरणाची असेल तर तिन्ही वर्षांचा हप्ता आगाऊ भरून घ्या. दुसऱ्या वर्षी हप्ता चुकला तर बहीण उघडी पडते. उत्तर फोनवर नको, लेखीच हवं. एजंटचं व्हॉट्सअॅप उत्तर कंपनीला बांधत नाही.

याशिवाय तुम्हा दोघांना न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हमीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: तिचा वैद्यकीय खर्च, आजार, इजा, आणि वाईटात वाईट म्हणजे मृत्यू झाल्यास भरपाईची हमी. कोर्टाच्या एकाच फेरीत पालकत्वाचा अर्ज आणि हे प्रतिज्ञापत्र दोन्ही होऊ शकतं, वकिलाला आधी सांगून ठेवा.

पारंबी

वरची उत्तरं नीट आहेत, पण सगळी रानजाईंच्या बाजूने आहेत. मावसबहिणीच्या बाजूने कोणी बोललं नाही, म्हणून लिहिते. समुपदेशन हे माझं काम आहे.

"तयार आहे" हा शब्द कोणाच्या तोंडून आला? तिच्या, तिच्या नवऱ्याच्या की तुमच्या मावशीच्या? पैसे देऊन सरोगसी बंद झाल्यापासून दबाव घरात शिरला आहे. परकी बाई पैशांसाठी करायची, आता जाऊ, नणंद, चुलतबहीण करते, कारण तिचा नवरा इच्छुक जोडप्याच्या शेतावर किंवा दुकानात कामाला असतो, किंवा तिच्या मुलाच्या फीचं देणं राहिलेलं असतं. अशी देणीघेणी असतील तर आधी ती पूर्णपणे वेगळी करा. कायदाही हेच सांगतो. मोबदला म्हणजे फक्त रोख नाही, वस्तूरूपाने दिलेलाही मोबदलाच. कर्ज माफ केलं, सोनं दिलं, तिच्या मुलाला नोकरी लावली, तिच्या नवऱ्याला पैसे दिले, हे सगळं व्यावसायिक सरोगसीत येतं. आणि कलम ४२ प्रमाणे अशा प्रकरणात न्यायालय तिला नवऱ्याने, जोडप्याने किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं असंच गृहीत धरतं. उलटं सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

तिला एकटीला बसवून मराठीत, तिला समजेल अशा शब्दांत, सगळे धोके सांगायला हवेत. फॉर्म २ वर, म्हणजे सरोगेटच्या संमतीपत्रावर, तिची सही घेण्याआधी. भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या क्षणापर्यंत ती नाही म्हणू शकते, आणि नाही म्हटलं तर तिला कारण देण्याची गरज नाही. हे तिला तुमच्या तोंडून कळायला हवं, डॉक्टरच्या नव्हे. ती एकदाच सरोगेट होऊ शकते, आयुष्यात पुन्हा नाही. गर्भपात करायचा की नाही, याचा निर्णयही तिच्या लेखी संमतीशिवाय होत नाही. जबरदस्ती कोणीच करू शकत नाही, तुम्हीही नाही. सोनोग्राफीत व्यंग दिसलं तर काय, यावर तिघांनी भ्रूण सोडण्याआधी बोलून घ्या. विसाव्या आठवड्यात त्या विषयाला पहिल्यांदा तोंड फुटलं तर माणसं तुटतात.

तिच्या दोन मुलांना काय सांगायचं, हेही ठरवा. पोट वाढतं, बाळ घरी येत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला साधं खरं सांगितलं तर ते समजून घेतं: "मावशीचं बाळ आईच्या पोटात राहायला आलंय." लपवलं की मूल बाळ मेलं असं समजतं.

प्रसूतीनंतर तिला दूध येणार आहे. दूध आटवायचं असेल तर कॅबरगोलिनची गोळी पहिल्याच दिवशी द्यावी लागते, आणि रक्तदाब वाढलेला असेल तर ती देत नाहीत. मग घट्ट कपडे, थंड शेक, आणि पाच-सहा दिवस वेदना. तिचं बाळंतपण तिच्या घरी कोण करणार, दीड महिना तिचा स्वयंपाक आणि मुलांची शाळा कोण बघणार, हे आत्ता लिहून काढा. सव्वा महिन्यानंतरही तिची तपासणी ठरवा: रक्तदाब, हिमोग्लोबिन, आणि मन. बाळ तुमच्या घरी गेल्यावर तिच्याकडे कोणी फिरकत नाही, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. आणि ती खरी असते.

एक गोष्ट मला पटत नाही, ती स्पष्ट लिहिते. आधीच्या व्यावसायिक व्यवस्थेत बायकांचं शोषण होत होतं, त्यामुळे ती बंद झाली ते मला मान्य आहे. पण आता सरोगेटला बुडालेल्या मजुरीचेही पैसे हक्काने मिळत नाहीत. संसदेच्या स्थायी समितीने २०१७ मध्ये भरपाईसह सरोगसीची शिफारस केली होती, बुडालेली मजुरीही त्यात होती. ती मानली असती तर नात्यातल्या गरीब बाईवरचा दबाव कमी झाला असता.

कोकणकडा

विषयाला धरून एक. आमचे भ्रूण २०२० मध्ये गोठवलेले आहेत, सरोगेटही ठरली होती, मग लॉकडाऊन आणि नंतर हा कायदा. आता पत्नीचं वय ५१. जिल्ह्याने तोंडी नाही सांगितलं. काही मार्ग आहे का?

वादसूची

कोकणकडा, आहे. ९ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती नागरत्ना आणि विश्वनाथन यांच्या खंडपीठाने, निकाल दिला की कायदा लागू होण्याआधी ज्या जोडप्यांनी सरोगेटच्या गर्भात सोडण्यासाठी भ्रूण तयार करून गोठवले होते, त्यांना कमाल वयाची अट लावता येणार नाही. तारीख सिद्ध करावी लागेल: क्लिनिकची भ्रूण गोठवल्याची नोंद, साठवणुकीच्या पावत्या, आणि भ्रूण सरोगसीसाठीच होते हे दाखवणारा त्या काळातला कागद. क्लिनिकने नोंदी २५ वर्षं ठेवायच्या असतात, त्यामुळे "जुनं रेकॉर्ड नाही" हे उत्तर स्वीकारू नका. सूट फक्त वयाची आहे. मंडळ, कोर्ट, विमा हे सगळं तुम्हालाही आहेच. तोंडी नकार लेखी करून घ्या आणि निकालाची प्रत जोडून पुन्हा अर्ज करा.

सातासमुद्रापार

आम्ही दोघं मूळचे पुण्याचे, आता अमेरिकन नागरिक, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड आहे. भारतात करता येईल का? पूर्वी तर परदेशी लोक गुजरातमध्ये आणंदला येऊन करून जायचे.

वादसूची

ते दिवस गेले. २००८ मध्ये जपानी जोडप्याचं बाळ आणंदला जन्मलं, तोपर्यंत जोडप्याचा घटस्फोट झालेला होता आणि बाळ कोणाचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथूनच कायद्याची मागणी जोर धरू लागली. नोव्हेंबर २०१५ मध्ये परदेशी जोडप्यांना सरोगसी बंद झाली. आताच्या कायद्यात भारतीय वंशाच्या जोडप्याला राष्ट्रीय एआरटी व सरोगसी मंडळाचं शिफारस प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं, ते जिल्ह्यात मिळत नाही. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणाऱ्यांना ही पायरी नाही. पण तुमच्या बाबतीत शिफारस हाती येण्याआधी इथे एकही पैसा भरू नका, आणि बाळाला तुमच्या देशाचं नागरिकत्व कसं मिळेल हे तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या. तिथल्या कायद्याला जनुकीय नात्याचा पुरावा लागतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पारंबी, तुमचं उत्तर बहिणीला पाठवलं आहे, ती आणि मी दोघीच एकत्र समुपदेशकाकडे जाणार आहोत. आणखी दोन प्रश्न: बाळाच्या जन्मदाखल्यावर थेट माझं नाव येतं का? आणि मला रजा मिळते का? मी खाजगी कंपनीत आहे.

वादसूची

थेट येतं, पण आपोआप नाही. बहीण रुग्णालयात स्वतःच्या नावाने दाखल होणार, ते बरोबरच आहे, केसपेपर तिचाच हवा. पण जन्माची माहिती भरणारा कर्मचारी केसपेपरवरून आईच्या रकान्यात तिचं नाव टाकतो, आणि नंतर दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने जातात. म्हणून दाखल करतानाच कोर्टाच्या आदेशाची साक्षांकित प्रत मेडिकल रेकॉर्ड विभागात आणि जन्मनोंदणीच्या टेबलावर द्या, पोच घ्या, आणि माहिती पाठवण्याआधी रकाना डोळ्यांनी बघा. नोंदणी २१ दिवसांत होते, त्यानंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर वरिष्ठ निबंधकांची परवानगी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळा प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे, त्यामुळे इथली चूक पुढे बरीच वर्षं नडते.

रजा: तुमचं बीज असेल तर बाळ तुमच्या ताब्यात दिल्याच्या दिवसापासून १२ आठवडे पगारी रजा मिळते. एचआरला कोर्टाचा आदेश आणि ताबा दिल्याचं रुग्णालयाचं पत्र लागेल. केंद्र सरकारच्या नोकरीत असतात त्यांना जून २०२४ च्या दुरुस्तीने १८० दिवस मिळतात, सरोगेट बाई केंद्राच्या नोकरीत असेल तर तिलाही, आणि वडिलांना १५ दिवस.

उणे१९६

रानजाई, एएमएच आला की इथे टाका. तो चांगला असेल तर मंडळाच्या तारखेची वाट न बघता बीजं काढून भ्रूण गोठवायला हरकत नाही, ते एआरटी कायद्याखालचं काम आहे. बहिणीच्या ८ महिन्यांपैकी निदान दोन त्यामुळे वाचतील.

हप्ता

आणि पॉलिसीचं वर्डिंग आलं की वगळणुकीचं पान इथे टाका, नाव-पत्ता आणि पॉलिसी क्रमांक झाकून. प्रीमियम भरण्याआधी.